पंखा बंद, इंजिन चालू!

दोस्तांनो, विमानाचं तिकीट स्वस्त कसं होतं? एअर डेक्कनची गोष्ट ऐका. लष्करातून निवृत्त होऊन शेती करणाऱ्या कॅप्टन गोपीनाथ यांनी 2003 साली बंगळुरूहून ही कंपनी सुरू केली. हुबळी, मंगळूर अशा गावांना विमानं सुटू लागली. कंपनीचा शुभंकर होता व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’, तोच चौकटीचा कोट आणि धोतरवाला! काही मोजकी तिकिटं तर चक्क एका रुपयाला मिळायची.

एका रुपयात परवडणार कसं? अहो, सगळी तिकिटं रुपयाची नव्हतीच. आधी काढाल तर स्वस्त, शेवटच्या घटकेला काढाल तर महाग. खुर्ची रिकामी जाण्यापेक्षा आधीच स्वस्तात विकलेली बरी. विमान उडालं की ती खुर्ची विकायची संधी गेली!

पण मला खरी मजा वाटते ती एअर डेक्कनच्या छोट्या विमानाची. त्याचं नाव एटीआर-42. प्रवासी साधारण 48. पंखांखाली दोन इंजिनं आणि प्रत्येकापुढे एक मोठा गरगरणारा पंखा. हा पंखा खूप हवा हळू वेगाने मागे ढकलतो. थोडी हवा प्रचंड वेगाने फेकण्यापेक्षा त्यात इंधन कमी लागतं. जेट विमान जास्त पळतं हे खरं, पण तासाभराच्या प्रवासात त्याने वाचतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं.

आता मागच्या बाजूला चला. दार तिथे आहे. ते खाली उघडलं की त्याच्या आतल्या बाजूलाच पायऱ्या! म्हणजे शिडीची गाडी येईपर्यंत थांबायला नको. विमान उडतं तेव्हाच पैसे मिळवतं, म्हणून जमिनीवरचं एकेक मिनिट वाचवायचं.

आणि पायऱ्या उतरताना विमानाच्या उजव्या इंजिनाकडे कान द्या. इंजिन घोंघावतंय, पण पंखा जागचा हलत नाही! असं कसं? इंजिनाचा एक भाग इंधन जाळून गरम वायू तयार करतो. तो वायू दुसऱ्या चक्राला फिरवतो आणि ते चक्र पंख्याला. दोन्ही भागांना जोडणारा दांडा नसतोच, मध्ये असतो फक्त वायू. त्यामुळे पंख्याला ब्रेक लावला तरी पहिला भाग खुशाल फिरत राहतो आणि विमानाला वीज, थंड हवा पुरवतो. मोठ्या जेट विमानांत या कामासाठी शेपटीत वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरने त्याचं वजनही वाचवलं आणि देखभालीचा खर्चही. किती सुंदर युक्ती आहे ही!

एअर डेक्कन पुढे किंगफिशर या विमान कंपनीत विलीन झाली, पण छोट्या गावांना जोडायची कल्पना टिकली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 2019 मध्ये बंगळुरूहूनच उडू लागली. तिच्या सुरुवातीच्या मार्गांत हुबळी होतीच!

मग अमेरिकेचं तिकीटही इतकं स्वस्त का नाही? जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून न थांबता बंगळुरूला आलं. कॅप्टन झोया अगरवाल होत्या आणि वैमानिक सगळ्या महिलाच. अंतर सुमारे 14 हजार किलोमीटर! एवढ्या प्रवासात दार आणि पायऱ्यांची बचत कितीशी कामाला येणार? शिवाय निघतानाच टनावारी इंधन भरावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं इंधन उरलेल्या इंधनाचं ओझं वाहण्यातच जळून जातं.