मुलाचं नाव बदलायचंय? आधी जन्मदाखला काढा

आजचा विषय दिंडोरीतल्या एका ताईंनी सुचवलाय. यजमान वारले, मुलगा जूनमध्ये पहिलीत जाणार, आणि ताईंना त्याला माहेरचं आडनाव लावायचंय. सासरचे म्हणतात, तुला तो अधिकारच नाही.

आहे. आंध्र प्रदेशातल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की वडिलांच्या पश्चात आई हीच नैसर्गिक पालक. मुलाचं आडनाव ती ठरवू शकते.

तरीही लगेच गॅझेटकडे धावू नका. जन्मदाखला काढा आणि नीट वाचा. जन्म जिथे, नोंद तिथे. बाळंतपण नाशिक शहरात झालं असेल तर नोंद नाशिक महापालिकेत असणार; दिंडोरीच्या नगरपंचायतीत कितीही हेलपाटे घाला, काही होणार नाही.

आता नावाचा रकाना बघा. बारशाआधीच नोंद झाली असेल तर तो कोराच असतो! मग हा नावबदल नव्हेच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ खाली नाव नंतर भरता येतं. पहिल्या वर्षात फुकट, पुढे विलंब शुल्क, मुदत १५ वर्षं. राजपत्राची गरज नाही. अक्षराची चूक असेल तर कलम १५ खाली त्याच निबंधकाकडे दुरुस्ती मागायची.

लिहिलेलं नाव स्वखुशीने बदलायचं असेल, तर मात्र महाराष्ट्र शासन राजपत्र. मूल अज्ञान असल्याने अर्ज पालकाने करायचा, ऑनलाइन होतो: जुनं नाव, नवं नाव, कारण. इथे बहुतेकांची गल्लत होते. राजपत्र ही नुसती जाहीर सूचना आहे. ते छापून आलं म्हणून आधार किंवा शाळेचं रजिस्टर आपोआप बदलत नाही. प्रत घेऊन दारोदार जावं लागतं, आणि ते काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू.

शाळेचं तर विशेष. जनरल रजिस्टरात नाव एकदा चढलं की बदलाला मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि शाळा सोडल्यावर तर फारच अवघड. म्हणून ताई, प्रवेशाआधीच उरका.

आणखी एक. दिंडोरी तालुक्यात आदिवासी कुटुंबं पुष्कळ. पुढे जात पडताळणीला वडिलांकडची वंशावळ मागतात. आडनाव वेगळं दिसलं की प्रश्न येणारच. तेव्हा वडिलांचा शाळेचा दाखला, त्यांचा मृत्यूदाखला आणि राजपत्राची प्रत एकाच पिशवीत ठेवा.