गळका घडा

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, नाईलच्या मुखाजवळच्या सुपीक प्रदेशापासून पश्चिमेला, स्केटिस नावाची ख्रिस्ती संन्याशांची वस्ती होती. तिथल्या एका संन्याशाकडून अपराध घडला आणि त्याचा निवाडा करायला मंडळी जमली. तिथलेच एक संन्यासी अब्बा मोझेस यांना बोलावणे गेले, ते येईनात. दुसऱ्यांदा निरोप आल्यावर निघाले, पण पाण्याने भरलेला गळका घडा सोबत घेऊन. हे काय, असे विचारताच ते म्हणाले की, माझी पापे अशीच माझ्यामागे सांडत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. निवाडा तिथेच संपला. अपराध्याला क्षमा मिळाली. मोझेस स्वतः पूर्वी दरोडेखोर होते, असे परंपरा सांगते.

मोझेस यांनी दाखवली ती नम्रता. मराठीत नम्रता म्हणजे वाकणे. लॅटिन 'हुमिलिस' हा शब्द थेट मातीशी, 'हुमुस'शी जोडलेला आहे. रोमन कुलीनांच्या तोंडी तो हलक्या, क्षुद्र माणसासाठी येई. असा शब्द सद्गुण कसा झाला? उत्तर प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात सापडते. देवाच्या रूपात असलेल्या ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि क्रूसावरचे मरण पत्करले, असे पौल सांगतो. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा. म्हणजे इथे माणसाच्या आधी देवच खाली उतरला होता, आणि सगळ्या शिकवणीला खरे बळ इथूनच मिळते.

उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिनने नम्रतेची ही गरज स्वतःच्या आयुष्यात शोधली. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारची नासपती चोरली. भूक नव्हती, बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. केवळ चुकीचे करण्याचा आनंद! इतक्या किरकोळ चोरीवर इतका विचार कशाला, असे वाटेल. पण माणसाला चांगले काय ते कळते तरी तो वाईट का निवडतो, हा प्रश्न त्याला तिथेच भेटला. याच प्रश्नावर ब्रिटनमधून रोमला आलेला, त्याच काळातला पेलागियस म्हणे, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही दिली आहे. सैल वागणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्याला जागे करायचे होते, आणि ही तळमळ खोटी नव्हती. ऑगस्टिनचे म्हणणे असे की इच्छाच आजारी आहे, ती कृपेशिवाय बरी होत नाही. मग चांगुलपणाचा गर्व करायचा कशाच्या जोरावर? 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते फेटाळली.

स्केटिसला आज वादी नत्रून म्हणतात. तिथे चार कॉप्टिक मठ अजून नांदते आहेत. त्यांपैकी बरामूस मठात मोझेस यांचे अवशेष आहेत, अशी भाविकांची श्रद्धा आहे.