पाळी संपते, कान वाजत राहतात

इचलकरंजी किंवा भिवंडीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशीही खाणाखुणांनी बोलावं लागतं. धोटा दर फेरीला पेटीवर आपटतो. असे अनेक माग एकत्र चालले की आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. नियमात ९० डेसिबलची मर्यादा आठ तासांसाठी आहे. पाळी मात्र अनेकदा बारा तासांची असते.

कानाच्या आत शंखाकृती नळीत सूक्ष्म केसपेशी असतात. सततच्या दणक्याने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट लागत नाहीत. पाळीनंतर कानात गुणगुण होणं, दडे बसणं ही आधीची खूण. गोंगाटात शरीर तासन्‌तास ताणलेलं राहतं, म्हणून बसून केलेल्या कामानेही माणूस गळून जातो.

कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. ३० डेसिबल आवाज अडवणारा प्लग आठ तासांत फक्त अर्धा तास काढला, तर एकूण संरक्षण साधारण १२ डेसिबलवर येतं! उकाड्यात, घामात तो काढावासा वाटणारच. त्यासाठी कामगाराला बोल लावू नये. विश्रांतीला शेडबाहेर शांत जागा द्यावी, म्हणजे प्लग काढूनही कान सुरक्षित राहतील.