शैलीला नाव देताना

मागच्या भागात परिच्छेदाची शैली आणि अक्षरांची शैली यांतला फरक पाहिला. या भागात स्वतःची शैली तयार करणे आणि तिला नाव देणे.

संतवाङ्मयावरचे तीनशे पानांचे पुस्तक डोळ्यांसमोर आणा. अभंग, त्याखाली निरूपण, मधूनमधून संपादकाच्या टिपा. टायपिंग करणाऱ्याने प्रत्येक अभंग निवडून तिरपा केला, डावा समास वाढवला, अक्षर लहान केले. शेवटच्या प्रुफाला प्रकाशक म्हणतो, देवनागरीत तिरपे अक्षर वाचवत नाही, सरळ करा. आता साऱ्या पुस्तकातले अभंग एकेक करून पुन्हा शोधायचे! शैली वापरली असती, तर हा बदल एकाच जागी करून भागला असता.

करायचे एवढेच: एक अभंग मनासारखा सजवायचा, तो निवडायचा आणि त्यावरून नवी शैली बनवायची. लिबरऑफिस रायटरमध्ये शिफ्ट आणि एफ-११ ही बटणे एकत्र दाबली की नाव विचारणारी चौकट येते. वर्डमध्ये होम पट्टीवरच्या स्टाइल्सच्या यादीत ‘क्रिएट अ स्टाइल’ मिळते.

नाव विचारले की बहुतेकांची बोटे अडखळतात आणि ‘तिरपे १२’ किंवा ‘स्टाइल१’ असे काहीतरी उमटते. इथेच चूक होते. अक्षर सरळ केल्यावरही नाव ‘तिरपे’च राहते आणि पुढे काम करणाऱ्याची दिशाभूल करते. नाव रूपावरून नव्हे, कामावरून द्यावे: ‘अभंग’, ‘निरूपण’, ‘संपादकीय टीप’. हा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी १९८०च्या सुमारास ‘स्क्राइब’ ही प्रणाली घडवली. तिच्यात लेखकाने मजकुराचा तुकडा प्रकरण आहे की अवतरण, एवढेच सांगायचे. तो दिसेल कसा, हे वेगळीकडे ठरे.

आपल्या सगळ्या शैलींच्या नावांना ‘ग्रंथ-’ असा एकच उपसर्ग लावला, तर अकारविल्हे यादीत त्या शेजारीशेजारी सापडतात. वर्डमध्ये नावात स्वल्पविराम मात्र टाळावा, कारण स्वल्पविरामापुढचा भाग वर्ड त्याच शैलीचे दुसरे नाव समजतो. मथळ्यांसाठी नवी शैली काढण्यापेक्षा तयार ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ यांचेच रूप बदलणे शहाणपणाचे; अनुक्रमणिका आपोआप बनते ती त्यांच्यावरूनच.

मराठीत लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारी अडचण वेगळीच आहे. शैलीत फाँटचा आकार १४ केला, तरी देवनागरी अक्षरे जागची हलत नाहीत. कारण दोन्ही सॉफ्टवेअर देवनागरीला रोमनपासून वेगळ्या, जटिल लिप्यांच्या गटात धरतात आणि त्या गटाचा फाँट, आकार, ठळकपणा वेगळ्या रकान्यात ठेवतात. वर्डमध्ये तो ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या नावाने दिसतो, लिबरऑफिसमध्ये ‘सीटीएल’ या नावाने. शैली बनवताना हा रकाना आठवणीने भरा. मग ‘अभंग’ शैलीत एक ओळ मराठीची आणि एक इंग्रजीची टाइप करून पाहा; दोन्ही हव्या तशा दिसल्या, की मगच ती शैली पुस्तकभर लावा.