कोल्हापूरच्या एका यशाचा ताळेबंद

शहापूरच्या बाजारपेठेत संध्याकाळच्या वेळी एखाद्या ओळखीच्या दुकानात बसण्याची मला निवृत्तीनंतर सवय लागली आहे. आसनगाव स्थानकावर कसारा लोकल येऊन गेली की थोड्याच वेळात भरलेल्या रिक्षा बाजारात शिरतात. त्या रिक्षा पाहिल्या की मला एका कर्जप्रस्तावाची आठवण होते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी तो नामंजूर केला होता. त्याविषयी पुढे सांगणारच आहे. परंतु त्याआधी दुसऱ्या एका रिक्षाचालकाच्या मुलाची हकिकत सांगितली पाहिजे. तिच्यामुळेच मला माझ्या त्या निर्णयाचा खरा अर्थ कळला.

हा मुलगा म्हणजे कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव. त्याचा जन्म २००० सालचा. वडील रिक्षा चालवून संसार करीत. घरात सुबत्ता नव्हती, पण गाव कोल्हापूर होते, आणि हे भांडवल लहान नव्हे. कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते. मात्र तेथील तालमींनी कुस्तीइतकेच प्रेम फुटबॉललाही दिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावे आखाड्यांची वाटतात, पण त्यांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठा ओस पडतात. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. अशा गावात मुलाच्या पायाशी चेंडू आला, तर त्याला पारखणारे डोळे आसपास असतात. व्यापारातही आपण हेच म्हणतो की ज्या पेठेत ज्या मालाची पारख आहे, तेथेच तो माल मांडावा.

घराबाहेर काढलेले पाऊल

गावात नाव होणे आणि पुढे जाणे यांत अंतर असते. गल्लीतील टाळ्यांवर समाधान मानून थांबलेले गुणी खेळाडू प्रत्येक गावात सापडतात. अनिकेतच्या घरच्यांनी येथे एक कठीण निर्णय घेतला. कोवळ्या वयातच मुलाला घरापासून दूर, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठविले. ही राज्य शासनाची निवासी व्यवस्था आहे. निवड गुणवत्तेवर होते, आणि मुलाचा खेळ, शिक्षण व आहार एकाच छताखाली सांभाळला जातो. तेथून तो पुणे एफसी या व्यावसायिक क्लबच्या अकादमीत गेला आणि पुढे भारताच्या सतरा वर्षांखालील संघाच्या शिबिरात पोहोचला.

या पायऱ्यांकडे बँकेच्या माणसाच्या नजरेने पाहावे. रिक्षाचालकाच्या घरात वाढता मुलगा म्हणजे काही वर्षांत हाताशी येणारा आधार. त्याला दूर पाठविणे म्हणजे ती मिळकत अनिश्चित काळासाठी सोडून देणे. उद्योगाला कर्ज देताना आम्ही सुरुवातीचा काही काळ हप्ता मागत नसू, कारण कारखाना उभा राहण्याआधी त्याच्याकडून वसुली सुरू केली तर कारखानाही जातो आणि कर्जही बुडते. ही सवलत आम्ही लाखोंच्या प्रकल्पांना देत होतो. या कुटुंबाने ती आपल्या मुलाला दिली. शिवाय प्रत्येक पायरीवर मुलगा आपल्याहून सरस खेळाडूंत जात राहिला. जेथे आपण सर्वांत हुशार ठरतो तेथे मन रमते, पण वाढ थांबते. ज्यांनी गावची पिढीजात पेढी सोडून मुंबईच्या मोठ्या बाजारात पाय रोवला, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

एक जमा, नऊ नावे

डिसेंबर २०१३ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळाले. ही स्पर्धा ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली, आणि तीत १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच प्रवेश होता. अनिकेतचे वय त्या चौकटीत नेमके बसले. यात काळाची अनुकूलता होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वयाची मुले देशात लाखोंनी होती आणि निवड एकवीस जणांची झाली. संधी दारी आली तेव्हा त्याची बरीच वर्षांची तयारी झालेली होती.

त्या संघात अशी आणखीही मुले होती. मणिपूरच्या जॅक्सन सिंगची आई इंफाळच्या बाजारात भाजी विकत असे. विश्वचषकात भारताचा पहिला गोल ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध याच मुलाने केला.

आता त्या स्पर्धेचा हिशेब मांडू. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून भारत ०-३ असा हरला, ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून १-२ आणि १२ ऑक्टोबरला घानाकडून ०-४. तीन सामने, तीन पराभव. एक गोल जमा, नऊ गोल नावे. पहिल्याच वर्षी असा ताळेबंद घेऊन एखादा दुकानदार आला असता, तर मी त्याला मुकाट्याने दुकान आवरण्याचा सल्ला दिला असता.

फुटबॉल महासंघाने तसे केले नाही. हीच मुले प्रामुख्याने घेऊन ‘इंडियन ॲरोज’ हा संघ त्याच वर्षी आय-लीगमध्ये उतरविला. प्रौढ, मुरलेल्या खेळाडूंशी या मुलांनी खेळावे आणि शिकावे हा हेतू होता. म्हणून गुणतक्त्यात तळाशी राहिले तरी खालच्या श्रेणीत ढकलले जाणार नाही, अशी सूट त्यांना दिली होती. नोव्हेंबर संपता संपता या संघाचा पहिला सामना चेन्नई सिटीशी झाला. मुलांनी तो ३-० असा जिंकला, आणि त्या तीनपैकी दोन गोल अनिकेत जाधवचे होते. घानाकडून झालेल्या पराभवाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

तोटा वहीत लिहिलाच पाहिजे, तो लपविणारा व्यापारी बुडतो. मात्र कोणता तोटा धंदा बंद करण्याची सूचना देतो आणि कोणता तोटा म्हणजे शिकण्याची फी आहे, हे ओळखता येणे हीच खरी व्यूहनीती. अनिकेत पुढे जमशेदपूर एफसीकडून खेळला. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या जुन्या क्लबमध्ये त्याला काही काळ प्रशिक्षण मिळाले. त्यानंतर तो हैदराबाद एफसीत गेला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात झालेल्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली. त्याच वर्षी भारताच्या वरिष्ठ संघाची जर्सीही अनिकेतच्या अंगावर आली.

उपादान आणि निमित्त

आपल्या व्याख्यानांतून आपण उपादान आणि निमित्त हे दोन शब्द नेहमी ऐकतो. घडा मातीतूनच होतो. माती नसेल तर कुंभार काही करू शकत नाही. तरीही माती आपोआप घडा होत नाही, कुंभार आणि चाक यांचे निमित्त लागते. अनिकेतची गुणवत्ता आणि कष्ट हे उपादान. पारखी गाव, धीर धरणारे आईवडील, शासनाची प्रबोधिनी आणि पराभवानंतरही पाठीशी राहिलेली योजना ही निमित्ते. ‘गरिबीतून वर आला’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण गरिबी कोणालाही वर आणीत नाही. तिने दाबून ठेवलेल्यांची संख्याच मोठी आहे.

जगात सर्वत्र हेच दिसते. ब्राझीलच्या बाउरू गावात बूटपॉलिश करणारा आणि मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू बनविणारा पेले १९५६ साली सांतोस क्लबमध्ये पोहोचला, तो वाल्देमार द ब्रितो या जुन्या खेळाडूने त्याला तेथे नेले म्हणून. दोन वर्षांनी, वयाच्या सतराव्या वर्षी, तो विश्वविजेता होता. आणि कोल्हापूरचेच उदाहरण हवे तर खाशाबा जाधवांचे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे जमेनात, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ते घर गहाण ठेवून घेणाऱ्याच्या वहीत सात हजारांची एक साधी नोंद असेल. देशाच्या वहीत मात्र ती फार मोठी आहे.

माझी नामंजुरी

आता त्या कर्जप्रस्तावाविषयी. मी तेव्हा ग्रामीण भागातील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. आमच्याच शाखेच्या कर्जावर घेतलेली रिक्षा चालविणारे एक गृहस्थ भेटायला आले. मुलाची दुसऱ्या जिल्ह्यातील फुटबॉल प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. प्रवास, बूट आणि वर्षभराचा खुराक यांसाठी वीस हजार रुपये हवे होते. तारण नव्हते, जामीन नव्हता. मी सौजन्याने नकार दिला. ते “बरं साहेब” म्हणून उठले.

नियमाने माझे काही चुकले नव्हते. परंतु त्यांचा खातेउतारा माझ्या समोरच्या कपाटात होता. तीन वर्षे, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, दहा-वीसच्या नोटांत भरलेला हप्ता. एकदाही थकबाकी नाही. माणसाच्या सचोटीचा याहून मोठा पुरावा कोणता? बँकेला देता येत नव्हते, पण बाजारपेठेतील चार दुकानदारांना मी शब्द टाकू शकलो असतो. माझा स्वतःचा एका महिन्याचा पगार त्या रकमेहून अधिक होता. मला हे त्या दिवशी सुचलेही नाही. मुलगा प्रशिक्षणाला गेला नाही.

गेल्या वर्षी संवत्सरीनंतर मी त्यांचे घर शोधून काढले. किन्हवलीच्या बाजूला त्यांचे गाव आहे. आपण त्या दिवसांत ज्यांना सहज फोन करून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, त्यांच्याशी आपले बहुधा काही वाकडे नसते. ज्यांचे आपण खरोखर काही लागतो, त्यांचा नंबर आपल्याजवळ नसतो. मी क्षमा मागितली तेव्हा ते गृहस्थ ओशाळले. “साहेब, तुम्ही नियमानं वागलात. असं कुठं कोणी लक्षात ठेवतं का?” म्हणाले. मुलगा भिवंडीकडे एका गोदामात कामाला होता. रविवारी शाळेच्या मैदानावर, चिखलात, तो गावातल्या दहाबारा मुलांना खेळ शिकवितो हे त्यांनी मला अभिमानाने दाखविले. मुले अनवाणी होती आणि सर्वांत मिळून एकच चेंडू होता.

पुढच्या रविवारी मी दोन चेंडू आणि मापे घेऊन आणलेले बूट पोहोचविले. जुनी नोंद त्याने पुसली जात नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या वर्षी ते बूट हवे होते, ते वर्ष आता कोणीही परत आणू शकत नाही.

वाचकहो, शहापूर-मुरबाडकडील आपल्या प्रत्येक पेढीवर हमाल, टेम्पोचालक, मापाडी, नोकर आहेत. त्यांची मुले काय शिकतात, काय खेळतात, कोणत्या निवडीला जाणार आहेत, हे आपण कधी विचारतो का? दान देताना आपण हात आखडता घेत नाही. आपल्याकडून राहते ते विचारणे. क्रीडा प्रबोधिनीसारख्या व्यवस्थेची माहिती त्या घरात पोहोचविणे, अर्ज भरून देणे, निवड चाचणीला जाण्याचे गाडीभाडे देणे, आणि मुलगा पहिल्या वर्षी हरून परत आला तरी दुसऱ्या वर्षीचे भाडे तयार ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. उपादान कोणाच्या घरी जन्म घेईल ते आपण ठरवीत नाही. निमित्त व्हायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवितो.