उंच काचपेटीतला उजेड

पारनेर किंवा पाथर्डीकडच्या एखाद्या खोल विहिरीत डोकावून पाहा. वरच्या कपारीत नेचे, गवत, एखादे पिंपळाचे रोपटे हिरवेगार असते. खाली पाण्यालगत मात्र नुसता दगड नि काळोख. ओलाव्याला तोटा नाही, पण उजेड तिथवर नीट पोचत नाही. शाळेतल्या उंच काचपेटीची गत याहून निराळी नाही. तिच्यासाठी दिवा निवडताना गुरुजींनी ही विहीरच नजरेसमोर ठेवावी.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि तिथून सहल करून आलेल्या कित्येक पोरांना आपल्या वर्गातही अशीच उंच पेटी हवी असे वाटले असेल. पेटी देखणी खरी. पण दोन फूट उंचीच्या पेटीत वाळूत लावलेल्या रोपापर्यंत पोचेतो उजेड बराच विरळ झालेला असतो. पाणीच उजेड पिऊन टाकते अशी समजूत आहे. नितळ पाणी दोन फुटांत फारसे पीत नाही. तांबडा भाग थोडा जास्त खाते, इतकेच. खरी गळती निराळी. किरण पसरतात, काचेतून खोलीत निघून जातात, तरंगणारी पाने त्यांना अडवतात. आणि पाणी पावसाळ्यातल्या प्रवरेसारखे गढूळ असेल, तर मग विचारूच नका!

दुकानदार वॅट सांगतो. वॅट म्हणजे विजेचा खर्च. उजेडाचे माप ल्यूमेन, ते खोक्यावर छापलेले असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट उंच पेटीत सुमारे ११० लिटर पाणी मावते. चिवट पाणवनस्पतींना लिटरमागे २० ल्यूमेन धरले, तर २२०० ल्यूमेन झाले. म्हणजे दहा-अकरा वॅटच्या दोन एलईडी नळ्या. हा नुसता ठोकताळा आहे, बरं का. त्यात पेटीची उंची धरलेली नाही. म्हणून नळीवर आतून पांढरे रंगवलेले झाकण बसवावे, म्हणजे उजेड खालीच जाईल. रंग पांढरा, ६५०० केल्व्हिनचा पुरतो. जांभळ्या दिव्यांचा मोह नको.

उजेड खाली पुरतो की नाही, हे मुलांकडूनच तपासून घ्यावे. हायड्रिलाच्या दोन सारख्या काड्या घ्या, कापलेले टोक वर करून खड्याला बांधा. एक तळाशी ठेवा, दुसरी वरच्या अंगाला टांगा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून बुडबुडे निघू लागतात. दोन्हींचे मिनिटाला किती, ते मोजा. तळचे फारच कमी भरले, तर दिवा तळाला अपुरा आहे.

तेव्हा लगेच दुप्पट दिवे लावू नयेत. वरच्या पानांवर नि काचेवर हिरवे शेवाळे माजते आणि तळ तसाच राहतो. त्यापेक्षा उजेडाकडे स्वतः चढत जाणारी झाडे लावावीत. व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी पाने पृष्ठभाग गाठतात, हायड्रिलाही तशीच. बुटकी रोपे हवीत तर मातीच्या कुंडीत लावून कुंडी दगडावर अर्ध्या उंचीला ठेवा. एक पैसाही न खर्चता उजेड वाढला!

याकडे दुर्लक्ष केले तर नुसती रोपे जात नाहीत. काळोखात कुजणारी पाने पाण्यातला प्राणवायू खातात. रात्री झाडेही श्वास घेतात. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

दिवा दिवसाला सात-आठ तास पुरे. वीज गेली तर तेवढे तास पुढे भरून काढावेत. खिडकीतल्या थेट उन्हात पेटी ठेवू नये. नगरच्या उन्हाळ्यात पाणी तापते. वायर पेटीकडून येताना प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळातून खाली ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा. मुलांना तर हे पहिल्याच दिवशी सांगावे.