उजवा खांदा, डावा डोळा : नेमबाजीतील एका विषमतेचे विज्ञान

माणसाचे दोन्ही डोळे सारखेच तीक्ष्ण असले, तरी जवळची आणि दूरची वस्तू एका रेषेत आणण्याची वेळ आली की मेंदू त्यांपैकी एकाच डोळ्याच्या साक्षीवर विसंबतो. या डोळ्याला प्रभावी डोळा म्हणतात. लिहिणे, जेवणे, चेंडू फेकणे यांसाठी जसा एक हात आपोआप पुढे येतो, तसाच नेम धरण्यासाठी एक डोळा पुढे येतो. मात्र हे दोन्ही एकाच बाजूचे असतील याची शाश्वती नसते. उजव्या हाताच्या व्यक्तीचा डावा डोळा किंवा डावखुऱ्या व्यक्तीचा उजवा डोळा प्रभावी असणे, या स्थितीला नेमबाजीचे प्रशिक्षक ‘क्रॉस डॉमिनन्स’ म्हणतात. एरवीच्या जगण्यात या विषमतेचा पत्ताही लागत नाही, परंतु रायफलचा दस्ता खांद्याला टेकवून गाल त्यावर ठेवला की खांद्याच्या बाजूचाच डोळा साइटमागे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनामागे येतो आणि मेंदूची पसंती दुसऱ्याच डोळ्याला असल्याचे उघड होते.

ही स्थिती विरळ असल्याचा समज चुकीचा आहे. डावखुऱ्यांचे प्रमाण जगभर साधारण दहात एक एवढेच असले, तरी डाव्या डोळ्याला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश भरते. बुरासा, मॅकमॅनस आणि ब्रायडन या संशोधकांनी १९९६ साली अनेक जुन्या अभ्यासांतील आकडे एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार उजव्या हाताच्या लोकांपैकी सुमारे ३४ टक्के, तर डावखुऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांचा डावा डोळा प्रभावी असतो. याचा सरळ अर्थ असा की नेमबाजी शिकायला आलेल्या उजव्या हाताच्या दर तीन मुलांमागे सरासरी एका मुलाच्या बाबतीत हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा असण्याची शक्यता असते.

एका डोळ्याची निवड का होते?

दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये प्रौढ माणसात सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळा जगाकडे किंचित वेगळ्या जागेवरून पाहतो. दूरच्या वस्तूवर नजर स्थिर ठेवून समोर बोट धरले तर बोटाच्या दोन धूसर प्रतिमा दिसतात, कारण दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिरेषा दूरच्या वस्तूवर एकत्र आलेल्या असतात, जवळच्या बोटावर नव्हे. अशा वेळी बोट आणि वस्तू एका रेषेत आणायची तर दोनपैकी एक प्रतिमा खरी मानून दुसरीकडे दुर्लक्ष करण्यावाचून मेंदूला गत्यंतर नसते. इटलीतील विद्वान जांबातिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात या गोष्टीची नोंद केली असून, त्याच तत्त्वावरची चाचणी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

प्रभावी डोळा म्हणजे अधिक चांगली दृष्टी असलेला डोळा असे समीकरण मात्र मांडता येत नाही. डोळ्यांच्या तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ डाव्या डोळ्याने सहज वाचणाऱ्या व्यक्तीचाही उजवा डोळा नेम धरण्यात पुढे असू शकतो, कारण दृष्टीची तीक्ष्णता प्रामुख्याने डोळ्याची रचना आणि दृष्टिपटल यांवर अवलंबून असते, तर नेमासाठी डोळा निवडण्याचे काम मेंदू करतो.

डाव्या डोळ्याचा कारभार उजवा मेंदू पाहतो, असेही अनेकदा सांगितले जाते, पण शरीररचना तशी नाही. हाताच्या हालचालींचे नियंत्रण मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध गोलार्धाकडे असते हे खरे. डोळ्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी जिथे एकत्र येतात, तिथे प्रत्येक डोळ्यातील नाकाच्या बाजूचे तंतू पलीकडे जातात आणि कानाच्या बाजूचे तंतू त्याच बाजूला राहतात. परिणामी प्रत्येक डोळा दोन्ही गोलार्धांना माहिती पुरवतो. हात आणि डोळा यांची बाजू न जुळणे हे मेंदूतील एखाद्या बिघाडाचे लक्षण का मानता येत नाही, हे या रचनेवरून लक्षात येते.

डोळ्याची ही पसंती काळ्या दगडावरची रेघही नाही. खान आणि क्रॉफर्ड यांनी २००१ साली दाखवून दिले की नजर बरीच डावीकडे वळली की डावा आणि उजवीकडे वळली की उजवा डोळा नेमाचे काम हाती घेतो. म्हणजेच जो डोळा लक्ष्य अधिक सोयीने पाहू शकतो, त्याच्याकडे मेंदू सूत्रे सोपवतो. काही व्यक्तींमध्ये ही पसंती ठाम असते, तर काहींमध्ये ती इतकी सौम्य असते की चाचणी पुन्हा घेतली की उत्तर बदलते. प्रशिक्षणाचा निर्णय घेताना बाजूइतकाच हा ठामपणाही पाहावा लागतो.

शॉटगन, पिस्तूल आणि रायफल

विषमतेचा परिणाम सर्व प्रकारांत सारखा होत नाही. शॉटगनला मागची साइट नसते, नळीच्या टोकावर केवळ एक मणी असतो आणि मागच्या साइटचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. शिवाय हवेत उडणाऱ्या लक्ष्याचा वेध घेण्यासाठी दोन्ही डोळे उघडे ठेवणे हिताचे असते. उजव्या खांद्यावर शॉटगन असताना मेंदूने डाव्या डोळ्याच्या रेषेत मणी आणि लक्ष्य जुळवले, तर डोळ्यांतील ६३ मिलिमीटर आणि डोळ्यापासून मण्यापर्यंतचे साधारण ९० सेंटिमीटर हे अंतर धरून भूमितीने हिशेब केल्यास ३० मीटरवर चूक सुमारे दोन मीटर डावीकडे पडते. नेमबाजाला मात्र आपण अचूक नेम धरल्याची पूर्ण खात्री वाटत असते.

पिस्तूल हाताच्या पूर्ण लांबीवर धरले जाते आणि चेहरा त्याला टेकलेला नसतो, त्यामुळे उजव्या हातातील पिस्तुलाची साइट डाव्या डोळ्यासमोर आणण्यासाठी मान किंवा मनगट थोडेसे वळवणे पुरते. रायफलमध्ये ही मोकळीक नाही, पण तिथे मागची साइट मदतीला येते. लक्ष्यवेधी रायफलच्या मागच्या साइटमध्ये डोळ्याजवळ साधारण एक मिलिमीटरचे बारीक छिद्र असते आणि पुढच्या साइटमध्ये एक वर्तुळाकार कडे असते. छिद्र, कडे आणि लक्ष्याचा काळा गोल एकाच केंद्राभोवती जुळले की नेम जुळला. छिद्रातून एकाच डोळ्याला पाहता येत असल्याने चुकीच्या डोळ्याने नेम धरला जाण्याचा धोका येथे फारसा नसतो. येथील अडचण वेगळी आणि सूक्ष्म आहे : उघडा असलेला प्रभावी डोळा रेंजचे उजळ, गजबजलेले दृश्य सतत मेंदूकडे पाठवत राहतो, आणि दोन डोळ्यांकडून न जुळणाऱ्या प्रतिमा आल्या की मेंदूत त्यांची चढाओढ लागून छिद्रातील चित्र मधूनच फिके पडते किंवा क्षणभर हरवते.

या क्षणभराची किंमत किती, हे १० मीटर एअर रायफलच्या मापांवरून कळते. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो, आणि दशांश गुणांच्या पद्धतीत एका फैरीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. पात्रता फेरीत ६० फैरी ७५ मिनिटांत पूर्ण करायच्या असतात. म्हणजे सव्वा तास तेच चित्र पुन्हा पुन्हा, तितक्याच स्पष्टपणे दिसावे लागते.

डोळा मिटण्याचा सोपा आणि महागडा उपाय

नको असलेला डोळा मिटून घेणे हा पहिला उपाय सुचतो आणि नवशिके तो करतातही. परंतु एक डोळा घट्ट मिटताना चेहऱ्याच्या त्या बाजूचे स्नायू आखडतात, उघड्या डोळ्याची पापणीही नकळत आकसते, आणि हा ताण काही फैरींनंतर जाणवू लागतो. डोळ्यावर काळी पट्टी लावल्यास स्नायू मोकळे राहतात, पण दोन्ही बाहुल्यांचा आकार मेंदू एकत्रितपणे ठरवत असल्यामुळे एका डोळ्यापुढे अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली काहीशी विस्फारते; शिवाय तो अंधारही मेंदूतील चढाओढीत भाग घेऊन चित्र मलूल करू शकतो. म्हणून अनुभवी नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतात आणि नको असलेल्या डोळ्यापुढे पांढरट, अर्धपारदर्शक पट्टी येईल अशी व्यवस्था करतात. या पट्टीला ब्लाइंडर म्हणतात. तिच्यातून प्रकाश येतो, आकार येत नाहीत, आणि मेंदूपुढे चढाओढीसाठी दुसरे चित्रच उरत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलच्या मागच्या साइटला जोडलेला ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि छिद्राच्या मध्यापासून १०० मिलिमीटरपेक्षा बाहेर जाऊ नये. इतक्याशा तुकड्याने विषमता असलेल्या अनेक नेमबाजांचा प्रश्न सुटतो.

हेच नियम या विषमतेची दखल आणखी एका ठिकाणी घेतात. उजव्या खांद्यावर रायफल ठेवून डाव्या डोळ्याने, किंवा डाव्या खांद्यावर ठेवून उजव्या डोळ्याने नेम धरणाऱ्यांना प्रिझम किंवा आरशाचे साधन वापरण्याची मुभा आहे. त्यात प्रतिमा मोठी करणारे भिंग नसावे आणि डोळा व खांदा एकाच बाजूचे असलेल्यांनी ते वापरू नये, एवढीच अट आहे. अशा साधनाविना पलीकडच्या डोळ्याने नेम धरायचा तर मान दस्त्यावरून आडवी टाकावी लागते. तसे करताना मानेचे स्नायू ताणले जातातच, पण त्याहून मोठे नुकसान तोलाचे होते, कारण शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रिये आतल्या कानात असतात आणि डोके सरळ असताना त्यांच्याकडून येणारी माहिती सर्वांत विश्वसनीय असते. साडेपाच किलोपर्यंतची रायफल उभ्याने पेलणाऱ्या नेमबाजाला हे परवडत नाही.

खांदा बदलावा की डोळा झाकावा?

प्रशिक्षकांपुढचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर नेमबाज किती वर्षे खेळतो आहे यावर बरेचसे अवलंबून असते. ज्याने अद्याप काहीच शिकलेले नाही, त्याला प्रभावी डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावर रायफल देऊन पाहणे श्रेयस्कर. चुकीच्या हाताने लिहायला लावण्याइतके हे अवघड नाही, कारण रायफलचे वजन स्नायूंच्या जोरावर न पेलता हाडांच्या आधारावर तोलले जाते. उभ्या स्थितीत आधाराच्या हाताचे कोपर कंबरेच्या हाडाशी टेकलेले असते आणि ट्रिगर दाबणाऱ्या बोटाला ताकदीपेक्षा संथ, एकसारखा दाब देण्याची सवय लागते. अशी सवय कमी वापरातल्या हाताचे बोटही शिकू शकते. हंगेरीचा कारोय टाकाच हा उजव्या हाताचा पिस्तूल नेमबाज होता. १९३८ साली हातात बॉम्ब फुटून तो हात निकामी झाल्यावर त्याने डाव्या हाताने सराव केला आणि १९४८च्या लंडन व १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. हात बदलता येतो, याचा इतका ठळक दाखला क्रीडाविश्वात क्वचितच सापडेल.

ज्याने अनेक वर्षे एका खांद्यावर सराव केला आहे, ज्याची पोझिशन पक्की झाली आहे आणि ज्याच्या खांद्याच्या बाजूच्या डोळ्याची दृष्टी उत्तम आहे, त्याने मात्र खांदा न बदलता ब्लाइंडर वापरणे व्यवहार्य ठरते. बारीक छिद्रामुळे जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी पुरेशा स्पष्ट दिसतात, त्यामुळे अप्रभावी डोळाही हे काम चोख करू शकतो. उलट प्रभावी डोळ्याची दृष्टी अधू असेल, तर केवळ मेंदूची पसंती म्हणून त्या बाजूला रायफल देण्यात अर्थ नाही. म्हणूनच नेत्रतज्ज्ञाकडून दोन्ही डोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय अंतिम निर्णय घेऊ नये.

पहिल्या फैरीआधीची चाचणी

रायफल नेमबाजी ही महाराष्ट्राने मनापासून जोपासलेली विद्या आहे. मुंबईत राष्ट्रीय छात्रसेनेतून (एनसीसी) पुढे आलेल्या अंजली भागवत यांनी २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली, सुमा शिरूर यांनी २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो मान मिळवला, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या, मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या यशामुळे रायफल शिकण्याची इच्छा धरणारी मुले आता मोठ्या रेंजपुरती मर्यादित राहिलेली नाहीत.

गजबजलेल्या उपनगरात ५० मीटरच्या रेंजला लागणारी मोकळी जमीन आणि मागचा बांध मिळणे दुरापास्तच. पण १० मीटर एअर रायफलला एक लांबट, सुरक्षितपणे बंदिस्त केलेला हॉल पुरतो. त्यामुळे दाट वस्तीतल्या मुलाच्या हाती पहिली रायफल शाळेच्या इमारतीत किंवा घराजवळच्या एखाद्या हॉलमध्ये येऊ शकते. अशा ठिकाणी अनेकांनी मिळून वापरायची रायफल बहुधा उजव्या खांद्याच्या बेताची असते, मूल उजव्या हाताने लिहिते एवढे पाहून ती त्याच्या उजव्या खांद्यावर दिली जाते, आणि डोळ्याला कुणी विचारत नाही. पुढे गुण वाढेनासे झाले की दोष एकाग्रतेला किंवा मेहनतीला दिला जातो, आणि एक होतकरू मूल कारण न कळताच खेळापासून दूर जाते.

हे टाळण्यासाठी लागणारी चाचणी मिनिटभराची आहे. दोन्ही हात पूर्ण पुढे ताणून तळवे एकमेकांवर असे ठेवायचे की अंगठे आणि बोटांच्या मधोमध एक लहानसे छिद्र उरेल, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या छिद्रातून चार-पाच मीटरवरची एखादी वस्तू, उदाहरणार्थ भिंतीवरील घड्याळ, पाहायची. मग हात न हलवता आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने पाहताना घड्याळ छिद्रात टिकून राहते, तो प्रभावी डोळा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. दोन्ही हात वापरल्याने एका हाताची सवय उत्तरावर प्रभाव टाकत नाही, आणि वेगवेगळ्या दिवशी काही वेळा ती घेतली की पसंती ठाम आहे की सौम्य, तेही कळते.

शाळा, क्लब आणि एनसीसीच्या शिबिरांनी प्रत्येक नवशिक्याची ही चाचणी पहिल्या फैरीआधी घेऊन तिचा निकाल त्याच्या सरावाच्या वहीत नोंदवावा, विषमता आढळल्यास काही आठवडे दोन्ही खांद्यांवर सराव देऊन ग्रुपिंगची, म्हणजे फैरी एकमेकींच्या किती जवळ पडतात याची तुलना करावी, आणि त्यानंतरच बाजू निश्चित करावी. हात आणि डोळा वेगवेगळ्या बाजूंचे असणे हे उणेपण नाही; ते वेळीच ओळखले गेले तर एका ब्लाइंडरने किंवा खांदा बदलण्याच्या एका निर्णयाने त्याचा निकाल लागतो, आणि दर तीन मुलांतल्या त्या एका मुलालाही उरलेल्या दोघांइतकीच संधी मिळते.